आधी ओठ, मग ब्लेड

तारा मरतोय, हे त्या आठवड्यात सगळ्यांनाच कळलं होतं. ज्यांनी जन्मात कधी मान वर करून आभाळ बघितलं नाही, तेसुद्धा लिफ्टमध्ये मला अडवून विचारायचे, "मग, फुटणार कधी तुमचा तो लाल तारा?" जसं काही मीच त्याला वात लावून ठेवली होती. वर्तमानपत्रांत रोज त्याचं चित्र, टीव्हीवर रोज एक नवा तज्ज्ञ. तारा तीन महिन्यांपासून मंदावत होता एवढं खरं. बाकी सगळा उतावळेपणा होता.

हा तारा मरत नाहीये असं ठामपणे म्हणणारा जगात एकच माणूस होता, आणि तो आमच्या घरी मागच्या खोलीत पलंगावर मरत होता. ते माझे बाबा.

बाबा एकतीस वर्षं वेधशाळेत निरीक्षक होते. त्यांच्या काळात दुर्बिणीच्या टोकाला काचेची पाटी लावायचे. तिच्या एका बाजूला फोटोचा पातळ लेप असायचा, दुसरी बाजू कोरी. तासन्‌तास तिच्यावर आभाळ उमटत राहायचं. मग ती धुतली की आभाळ पांढरं आणि तारे काळे, पांढऱ्या कापडावर मोहरी सांडल्यासारखे. अडतीस वर्षांपूर्वी अशाच एका काचेवर बाबांना हा लाल तारा चक्क उतरलेला दिसला. ताऱ्यांच्या तेजाच्या पायऱ्या असतात, त्यांना आम्ही प्रत म्हणतो. बाबांनी डोळ्यांनी अंदाज घेऊन वहीत लिहिलं, एक पूर्णांक चार प्रतींनी मंद. म्हणजे नेहमीच्या तेजाच्या चौथ्या हिश्श्याहून जरासंच जास्त. त्याच्या चार आठवडे आधीच्या काचेवर तारा नेहमीसारखा होता. नंतर पाच महिने ढग. ढग गेल्यावर तारा पुन्हा नेहमीसारखा.

बाबांचं म्हणणं असं की धुळीने माखलेलं काहीतरी त्या ताऱ्याभोवती फिरतं, काही काळ त्याच्या आड येतं आणि जातं. तेव्हाच्या संचालकांनी काच हातात घेऊन पाहिली आणि म्हणाले, "अहो, एका काचेच्या भरवशावर तारा विझवायचा नसतो." झालं. तेवढं वाक्य उपाहारगृहात पोचलं, आणि बाबांचं नाव पडलं 'विझवे'. इतकं चिकटलं की नवीन आलेल्या लोकांना ते आडनावच वाटायचं. एकदा तर सरकारी पत्र आलं, 'श्री. विझवे यांस'. बाबा हसले आणि पोच लिहून दिली. पण त्या दिवशी ते जेवणावरून अर्धवट उठले, हे मला आठवतं.

आता तो तारा पुन्हा उतरत होता. बाबांची काच खरी असेल तर हे मरण नव्हतंच. आड येणारं ते काहीतरी अडतीस वर्षांनी फिरून आलं होतं, आणि काही महिन्यांत तारा परत उजळणार होता. काच खोटी असेल तर टीव्हीवरच्या लोकांचं खरं. काच होती आमच्याच वेधशाळेत, आमच्याच खोलीत, आणि त्या खोलीची किल्ली माझ्या कमरेला होती. म्हणून तर जे झालं ते झालं.

मी काचखोली सांभाळते. चौदा हजार काचा, कागदी पाकिटांत, लोखंडी मांडण्यांवर उभ्या. आठ वर्षांपासून त्या एकेक करून यंत्राखाली जातायत. यंत्र प्रत्येक ठिपका मोजतं, डोळ्याला कधी जमणार नाही इतकं बारीक. पण जुन्या लोकांनी काचांवर शाईने बाण काढलेत, गोल केलेत, आकडे लिहिलेत. ते कोऱ्या बाजूला असतात. यंत्राच्या आधी ती शाई काढायची, आणि ते काम माझं. स्पिरिटचा बोळा, आणि नाहीच निघाली तर ब्लेड. चुकून लेपाच्या बाजूला ब्लेड लावलं तर शाईबरोबर तारेही खरवडून निघतात. म्हणून टेबलासमोरच्या भिंतीवर मीच मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवलंय: आधी ओठ, मग ब्लेड.

ही ओठाची रीत बाबांची. म्हणजे सगळ्या निरीक्षकांचीच, पण मला बाबांनी शिकवली. अंधाऱ्या खोलीत काच दुर्बिणीच्या चौकटीत बसवायची, लेप ताऱ्यांकडे हवा, आणि दिसत तर काही नाही. मग कोपरा ओठाला लावून बघायचा. मी सात वर्षांची असताना त्यांनी एक बाद काच घरी आणली होती. डोळे मिटायला लावले आणि काच ओठाला टेकवली. "चिकटली तर लेप. घसरली तर नुसती काच." मी दहादा करून दहादा बरोबर सांगितलं. त्यांना केवढा आनंद झाला होता. आई म्हणाली, पोरीच्या तोंडात औषधं कसली घालताय.

नव्या मुलांना मी ओठ लावू देत नाही, नियमात बसत नाही. पण मी स्वतः लावते. आठ वर्षांत एकही काच चुकले नव्हते. हे मी मिरवायचेसुद्धा. आता सांगायलाही लाज वाटते.

मंगळवारी डॉक्टर घरी येऊन गेले. बाबांची छाती तपासली, आत्याच्या हातचा चहा घेतला आणि दारात मला म्हणाले, "दोन दिवस. फार तर तीन. कोणाला बोलवायचं असेल तर बोलवा." बोलवायला होतं कोण? आई केव्हाच गेली होती. मी, आणि बाबांची धाकटी बहीण, म्हणजे आत्या. ती तर सहा महिन्यांपासून हजरच होती आणि बाबांना रोज रागवत होती.

मी आत गेले. बाबांच्या नाकात ऑक्सिजनची नळी होती. त्यांनी डॉक्टरांचं बोलणं ऐकलं होतं.

"सिलिकॉनचा दिवस आला म्हणायचा," ते म्हणाले.

मला कळलं. आत्याला नाही कळलं. लहानपणी बाबा मला ताऱ्याची गोष्ट बोटांवर सांगायचे. तारा म्हणजे चूल. वजन आत दाबतं, आच बाहेर रेटते, आणि दोघांची बरोबरी चाललीय तोवर तारा उभा. सगळ्यात आधी हायड्रोजन जळतो, मोठ्या ताऱ्यात कोटभर वर्षं. त्याची राख हेलियम. पण ती राख फेकायची नाही, तीच पुढचं सरपण. हेलियम लाख-दहा लाख वर्षं पुरतो. त्याची राख कार्बन, तो काही शे वर्षं. मग निऑन वर्षभर, ऑक्सिजन त्याहूनही कमी. दरवेळी चूल आणखी आत, आणखी तापलेली, आणि बाहेर थरांवर थर, कांद्यासारखे. बाहेरून तारा नुसता फुगलेला आणि लाल दिसतो, आत काय चाललंय ते कोणाला कळत नाही. शेवटी सिलिकॉन, तो एक दिवस पुरतो. एकच दिवस. त्याची राख लोखंड, आणि ते काही केल्या जळत नाही. मग रेटणारं कोणी उरत नाही. एका सेकंदाच्या आत सगळा गाभा खाली बसतो.

"असलं अभद्र बोलू नका," मी म्हणाले.

"अभद्र काय त्यात? हिशेब आहे." त्यांनी दम घेतला. "ठिणगे, माझी काच यंत्राखाली कधी जाणार?"

ठिणगी मी. जन्मापासून चिडकी, म्हणून.

"रांगेने आठ महिने आहेत."

"मग रांग मोड. जन्मात कधी मोडली नाहीस. एकदा मोड."

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार? बाबांना आता अन्न जात नव्हतं, पाणी चमच्याने, आणि तरी रोज सकाळी डोळे उघडून पहिला प्रश्न काचेचाच. मला स्वच्छ दिसत होतं की या माणसाला आतून रेटून धरणारं आता तेवढंच उरलंय. त्या काचेचा आकडा त्यांना ऐकवायचा, या दोन दिवसांत, ते जिवंत असताना, बस्स. मला दुसरं काही नको होतं.

बुधवारी सकाळी मी संचालक बाईंच्या खोलीत गेले. भांडायच्या तयारीनेच गेले होते, पण बाई भल्या. म्हणाल्या, "तुमच्या वडिलांची ती काच ना? सगळ्या जगाला आता ती हवी असणार आहे. तुम्ही आज साफ करून द्या, उद्या सकाळी पहिली तीच मोजू." मी वळले तर पाठीमागून म्हणाल्या, "घाई आहे म्हणून पद्धत सोडू नका हं."

मला राग आला. मला पद्धत शिकवतात!

काच तिच्या जागेवर होती. पाकिटावर बाबांचं अक्षर, तारीख, वेळ, आणि कोपऱ्यात कोणीतरी नंतर पेन्सिलीने लिहिलेलं 'दोषयुक्त'. मी ती उजेडाच्या टेबलावर ठेवली. खालून दिवा आला की काचेच्या दोन्ही बाजू सारख्याच दिसतात, कुठली चकाकते आणि कुठली नाही ते कळत नाही. पण मला गरज नव्हती. आभाळाचा तो तुकडा मला तळहातासारखा पाठ आहे. डावीकडे तीन ताऱ्यांची तिरकी ओळ, वर जोडतारा, मध्ये आमचा लाल. तिरकी ओळ उजवीकडे गेलेली दिसली, म्हणजे काच पालथी पडली होती. मी उलटली. आता सगळं जिथल्या तिथे बसलं, आणि बाबांचा बाण आणि गोलही वरच्या बाजूला आले. आभाळ सरळ दिसतंय आणि शाई वर आहे, म्हणजे कोरी बाजू वर. चौदा हजार काचांचा हाच नियम.

तारे थोडे जाड वाटले मला. हे मी पाहिलं. त्या रात्री वारा असेल असं मनाशी म्हटलं आणि पुढे गेले.

नियमाप्रमाणे आधी फोटो काढला. त्यात काही मोजता येणार नव्हतं. बाबांनी गोल इतका घट्ट काढला होता की शाई वाहून थेट ताऱ्यावर गेली होती. मी स्पिरिटचा बोळा फिरवला. शाई हलली नाही. अडतीस वर्षांची शाई ती. ब्लेड हातात घेतलं. भिंतीवर माझं स्वतःचं अक्षर माझ्याकडे बघत होतं. तेवढ्यात फोन वाजला, आत्या. "अगं, दादा चमचाभर पाणीसुद्धा घेत नाहीये. तू लवकर ये बाई." मी फोन खांद्यावर मानेत धरला, "आलेच, दहा मिनिटं," असं म्हणाले आणि ब्लेड लावलं.

काचेवर ब्लेड लागलं की बारीक करकर होते. तशी झाली नाही. हाताला मऊ लागलं, भाजलेल्या वांग्याची साल ओढावी तसं. शाई निघाली. तिच्याबरोबर एक राखाडी पापुद्रा गुंडाळून वर आला, आणि खाली लख्ख दिवा दिसायला लागला.

मी थांबले नाही लगेच. हे मला स्वतःला क्षमा करता येत नाही. हाताला कळलं होतं, पण डोक्यापर्यंत पोचायच्या आत ब्लेड आणखी एक बोट पुढे गेलं होतं.

मग मी कोपरा ओठाला लावला. चिकटला.

फोनमधून आत्या अजून बोलत होती. मी काच पालथी केली, दुसरी बाजू ओठाला लावली. घसरली. मी पुन्हा उलटली, पुन्हा लावली. चारदा केलं. काच तीच राहिली. आभाळ सरळ दिसणारी बाजू लेपाची निघाली, याचा अर्थ एकच होता. त्या रात्री काच दुर्बिणीत उलटी बसली होती. लेप ताऱ्यांकडे नव्हता, उजेड काचेतून आरपार जाऊन मागच्या बाजूने लेपावर पडला होता. म्हणून आभाळ पालथं उमटलं. म्हणून तारे जाड होते. सकाळी बाबांनी आभाळ सरळ दिसेल अशी काच ठेवली आणि वरच्या बाजूला शाई लावली, आणि ती बाजू लेपाची होती. अडतीस वर्षांनी मी अगदी तेच केलं. परक्या माणसाने काच ओठाला लावली असती, निदान वाकडी करून उजेडात बघितली असती. आभाळ पाठ नसलेला कोणीही ही काच वाचवू शकला असता.

टेबलावर तो पापुद्रा पडला होता, नखाएवढा. मी त्याला चिमटा लावला. त्याचा चुरा झाला.

यंत्र चालवणाऱ्याला आम्ही यंत्रोबा म्हणतो. सज्जन माणूस, बोलतो कमी. तो दारात आला, माझ्याकडे बघितलं, टेबलाकडे बघितलं आणि दार लावून आत आला. भिंग घेऊन त्याने काच कितीतरी वेळ तपासली.

"बाकीचे तारे आहेत," तो म्हणाला.

"बाकीच्यांचं काय करू मी?"

त्याने भिंग खाली ठेवलं. मग म्हणाला, "मी बाईंना सांगतो. तुम्ही घरी जा." त्याने माझा खांदा धरला नसता तर मी ती काच भिंतीवर फोडली असती. त्या संध्याकाळी मी घरी गेले, पण बाबा झोपले होते आणि मी देवाचे आभार मानले. बाप झोपलाय म्हणून आभार!

गुरुवारी त्यांना चांगली जाग आली. दिवा विझायच्या आधी मोठा होतो म्हणतात, तसलं काहीतरी. त्यांनी उशी उंच करून घेतली. आत्या खूश होऊन पेज करायला गेली. बाबा माझ्याकडे बघत राहिले. विचारलं नाही. मी सकाळी कामावर जाऊन नऊ वाजताच परत आले होते, हे त्यांना माहीत होतं.

मी रात्रभर विचार करून ठरवलं होतं. खरं सांगितलं तर ते आत्ता, या मिनिटाला कोसळतील. खोट्याने एक दिवस तरी निघेल. आणि खोटं तरी कशाला म्हणायचं? काचेवर ते होतंच की. बाबांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

"झाली मोजणी," मी म्हणाले.

त्यांनी हात पुढे केला. मी तो धरला.

"एक पूर्णांक चार, बाबा. अगदी तुमचाच आकडा."

त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं. मला तो आनंद वाटला.

"यंत्राला एक पूर्णांक चार आले?"

"हो."

"तारे कसे होते?"

ताऱ्यांबद्दल त्यांना चांगलं वाटावं म्हणून मी तिथेही कंजुषी केली नाही. "एकदम टोकदार. मोहरीसारखे बारीक. संचालक बाई म्हणाल्या, असं काम आता कोणी करत नाही."

बाबांनी हात सोडवून घेतला. जोर नव्हता त्यांच्यात, पण सोडवला. भिंतीकडे बघत म्हणाले, "त्या काचेवरचे तारे फुगलेले आहेत, ठिणगे. सगळेच्या सगळे."

ऑक्सिजनचं यंत्र घुरघुरत होतं. स्वयंपाकघरात आत्याच्या हातून झाकण पडलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही, पण चोर मी एकटीच नव्हते हे मला अजून कळायचं होतं.

"काच उलटी होती," बाबा म्हणाले. "मला दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं. शाई लावून झाल्यावर. काच पाकिटात सरकवताना शाईच्याच बाजूला अंगठ्याला लेप लागला."

"तुम्हाला माहीत होतं?"

"आदल्या संध्याकाळी चहा पिताना ओठ भाजला होता." ते थांबून थांबून बोलत होते. "फोड आला होता. काच ओठाला लावायची तर झोंबलं असतं. म्हटलं, आज हातानेच. इतकी वर्षं लावतोय, हाताला कळत नाही का आता." ते हसायला गेले आणि खोकला आला. मी पाठ चोळली. "एक कप चहा. बघ."

"मग तुम्ही सांगितलं का नाही कोणाला?"

"सांगितलं असतं तर काच तिथेच फेकली असती त्यांनी. आणि नाही सांगितलं, तर..." त्यांनी डोळे मिटले. "उजेड काचेतून गेला की तारे फुगतात. फुगले की ठिपका फिका होतो. आमचा लाल तारा खरंच उतरला होता, का तोच जास्त पसरला, मला कधी कळलं नाही. कधीच नाही. मी लोकांशी भांडायचो, ठामपणे भांडायचो, आणि घरी येऊन जागा राहायचो. डोळ्याने ते कळण्यासारखं नव्हतं. यंत्राला कळलं असतं. शेजारचा प्रत्येक तारा किती फुगलाय ते मोजून यंत्राने सांगितलं असतं. मला खरं ठरायचं नव्हतं गं. मला फक्त कळायला हवं होतं."

मला वाटलं होतं, बाबांना जिंकायचंय. सगळं जग त्यांना विझवे म्हणालं, म्हणून त्यांना तो आकडा हवाय. आणि मी त्यांना जिंकवायला निघाले होते, खोट्या आकड्याने. ज्या माणसाला फक्त कळून घ्यायचं होतं त्याच्या तोंडात मी त्याचंच जुनं अंदाजपंचे परत कोंबलं होतं.

"काय झालं काचेचं?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. सगळं. फोन मानेत धरला होता तेसुद्धा. ब्लेड आणखी एक बोट पुढे गेलं तेसुद्धा. सांगताना मी रडत नव्हते, किंचाळत होते बहुतेक, कारण आत्या हातात पळी घेऊन धावत आली. "काय गं, काय झालं? दादाला काय झालं?"

"मला काही झालं नाही," बाबा म्हणाले. "तिची काच फुटली."

"एवढंच ना?" आत्या म्हणाली. "काचच ती. दुसरी आणता येईल."

आत्या परत गेली. बाबा छताकडे बघत पडून होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे जात होतं आणि ते पुसत नव्हते. मी वाट बघत होते की ते मला रागवतील. मला ते हवं होतं. एक शिवी, एक थप्पड, काहीही. आईने मला मारलंय, बाबांनी कधी नाही. आज मारायला हवं होतं.

"आता कोणाला विचारायचं?" मी म्हणाले.

"ताऱ्यालाच. पण तो सवडीने उत्तर देतो." त्यांनी ओठ ओले केले. "माझ्याजवळ सवड नाही, एवढंच."

मग ते म्हणाले, "नोंदवही आण."

काचखोलीत प्रत्येक काचेची नोंद असते. कोणी लावली, कधी धुतली, कधी साफ केली, काय बिघडलं. मी यंत्रोबाला फोन केला. तो विचारत बसला नाही, तासाभरात ती जाड वही पिशवीत घालून दारात उभा. बाबांना ऐकू येणार नाही अशा आवाजात म्हणाला, "बाई म्हणाल्या, नोंद तुम्हीच करायची. दुसऱ्या कोणी नाही." मला वाटलं होतं, बाई ओरडतील.

बाबांनी सांगितलं तसं मी लिहिलं. त्यांचा श्वास पुरेल तेवढं एका वेळी. 'ही काच दुर्बिणीत उलटी बसवली गेली होती. निरीक्षकाने ओठ लावून तपासली नाही. हे त्याला दुसऱ्या दिवशी कळलं आणि त्याने ते अडतीस वर्षं लपवलं. लाल ताऱ्याचा एक पूर्णांक चार हा आकडा डोळ्याचा अंदाज आहे, त्यावर विसंबू नये.'

"हे नका लिहायला लावू," मी म्हणाले. "एवढा एकच तर आकडा आहे तुमचा."

"लिही."

'काल त्या काचेवरचा तारा साफसफाई करताना नष्ट झाला. साफ करणाऱ्याने ओठ लावून तपासली नाही. बाकीचे तारे शाबूत आहेत.'

"खाली सही कोणाची?" मी विचारलं.

"दोघांची," ते म्हणाले.

मी पेन त्यांच्या बोटांत धरलं. त्यांनी आधी एक रेघ काढली, ती भलतीकडेच गेली. मग थांबले, दम घेतला आणि सही केली. त्यांच्या अक्षराचा मला जन्मभर अभिमान होता, मोत्यासारखं अक्षर. ही सही कोणाचीही वाटली असती. शेजारी मी माझी केली.

शुक्रवारी सकाळपासून त्यांनी डोळे उघडले नाहीत. पहिला प्रश्न आला नाही. आत्या उशाशी बसून त्यांना रागवत होती, "दादा, असं करू नकोस हं, मी सांगून ठेवते." श्वास यायचा, मग इतका वेळ यायचा नाही की मी मोजायला लागायचे, मग पुन्हा यायचा. खिडकीबाहेर समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कोणीतरी चादरी वाळत घालत होतं. लख्ख ऊन होतं. त्या उन्हामागे कुठेतरी तो ताराही होता, दिवसा वर आलेला, आणि तो उतरत होता की चढत होता ते त्यालाच ठाऊक.

साडेबाराला आत्या पाणी आणायला उठली. तेवढ्यात पुढचा श्वास आलाच नाही. मी साठपर्यंत मोजलं. छातीकडे बघून काही समजेना. यंत्राची घुरघुर चालूच होती, नळीतून वारा येतच होता, आणि त्या आवाजात मला त्यांचं काही ऐकू येईना. नाकाशी हात धरला असता तर नळीचाच वारा लागला असता.

मी वाकले आणि कपाळाला ओठ लावले. मिटल्या डोळ्यांनी, त्यांनी शिकवलं होतं तसे.

चिकटले नाहीत. घसरले.

मी पुन्हा लावले. या वेळी घाई केली नाही. मग यंत्राचं बटण बंद केलं आणि आत्याला हाक मारली.